लग्नाआधी दात पांढरे करून घ्यायचेत, क्लिनिकमध्ये जायच्या आधी काय काय विचारू?

चोपड्याची_पोरगी

नमस्कार मंडळी. लग्न ठरलंय, सात आठवडे राहिलेत, आणि साड्या-दागिने सोडून माझ्या डोक्यात सध्या फक्त दात आहेत. दात पहिल्यापासून पिवळट. दोन वेळा घासते, तंबाखू-सुपारीचा प्रश्नच नाही, पण चहा दिवसातून चार वेळा होतो (आमच्याकडे पाहुणा आला की चहा आणि पाहुणा उठला की परत चहा). प्री-वेडिंग शूटला फोटोवाला सहज बोलून गेला की ताई तुम्ही बिनधास्त हसा, दात आपण एडिटिंगमध्ये बघू. त्या दिवसापासून मी तोंड मिटूनच हसते.

जळगावच्या एका क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली लेझर व्हाइटनिंग आहे, एका तासात होतं, आठ शेड पांढरे होतात, नऊ हजार लागतील, लग्नाच्या दोन दिवस आधी या म्हणजे एकदम फ्रेश दिसतील. डॉक्टरांशी बोलणं झालंच नाही. घराजवळचं पार्लर तेच साडेतीन हजारात करून देतं म्हणे.

माझी थोडी माहिती देते. वरच्या समोरच्या एका दाताचा कोपरा सातवीत सायकलवरून पडून तुटला होता, तिथे दाताच्या रंगाचं सिमेंट भरलेलं आहे. लहानपणी मामाच्या गावाला बोअरचंच पाणी प्यायलो, दोन दातांवर खडूसारखे पांढरे डाग आहेत ते तेव्हापासूनचेच. आणि उजवीकडे वरच्या दाढेला थंड पाणी लागतं, सणक जाते, पण तेवढ्यापुरतीच.

आई म्हणते लिंबू-मीठ चोळ, फुकट पैसे घालवू नको. मामेबहीण म्हणते केळीच्या सालीची आतली बाजू घास, तिने रीलमध्ये पाहिलंय. यात खरं काय? व्हाइटनिंगने दात झिजतात का? दुखतं का? कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा, घाबरवलं तरी चालेल.

भुसावळ_जंक्शन

ताई पहिलं म्हणजे अभिनंदन, आणि दुसरं म्हणजे पार्लरच्या वाटेला जाऊ नका, मी जाऊन आलेय. भावाच्या लग्नाला गेल्या वर्षी मी आणि वहिनीची बहीण दोघी गेलो. खुर्चीवर बसवलं, गालात प्लास्टिकचं ते तोंड फाकवायचं अडकवलं, दातांवर जेल फासलं आणि निळा दिवा लावून ती बाई दुसऱ्या कस्टमरचं फेशियल करायला निघून गेली. पंधरा मिनिटांत हिरड्या झोंबायला लागल्या, तोंडात ते अडकवलेलं त्यामुळे बोलता येईना, मी हात हलवतेय तर ती तिकडून म्हणते 'थोडं झोंबतंच मॅडम, म्हणजे काम करतंय'. घरी येऊन आरशात पाहिलं तर हिरडीची कड पांढरीफटक, दुधावरची साय चिकटल्यासारखी. रात्रभर ठणका. दोन दिवसांनी हिरडी परत गुलाबी झाली म्हणा, पण हळदीच्या दिवशी मी शेवभाजीच्या रश्श्याकडे नुसती बघत बसले होते, रश्शाचा एक थेंब हिरडीला लागला की डोळ्यात पाणी.

नंतर डेंटिस्टकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जेल किती टक्क्यांचं होतं? मला कुठे माहीत. बाटलीवरचं नावसुद्धा पाहिलं नव्हतं. दात किती पांढरे झाले विचाराल तर चार दिवस बरे दिसले, मग जसेच्या तसे.

पऱ्हाटी

माय व माय, लिंबू आन मीठ! बठ्ठासले समजाले जोयजे म्हनीसन मराठीत लिखस (सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो). ताई, हा लिंबू-मिठाचा प्रयोग मी केलेला माणूस आहे. कॉलेजला असताना महिनाभर रोज सकाळी. दात पांढरे नाही झाले पण असे आंबले की कैरी जाऊ द्या, साधं टोमॅटो खाता येईना. डॉक्टर म्हणाले आंबट पदार्थाने दाताचं वरचं कवच मऊ पडतं आणि त्यावर तुम्ही मिठाचे खडे घासले, म्हणजे भिंत ओली करून वर पॉलिश पेपर मारला. वरचा पांढरा थर झिजला की आतला पिवळा थर जास्त दिसतो. म्हणजे पांढरे करायला गेलो आणि जास्त पिवळे करून बसलो.

केळीच्या सालीबद्दल बोलायचं तर आमची केळीची बाग आहे, यावल तालुक्यात. सालीने दात पांढरे होत असते तर अख्ख्या रावेर-यावलचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीत दिसले असते ना भो.

दातांचा_धुळेकर

मी डेंटिस्ट आहे, धुळ्यात प्रॅक्टिस करतो. तोंड बघितल्याशिवाय उपचार सांगता येत नाही, पण कुठल्याही डॉक्टरसमोर बसाल तेव्हा काय बोलायचं एवढं सांगतो. जरा लांबेल.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. समोरच्या दातावरचं सिमेंट. व्हाइटनिंगचं जेल फक्त नैसर्गिक दातावर काम करतं. सिमेंट, कॅप, व्हीनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) यांचा रंग त्याने बदलत नाही. आज ते सिमेंट तुमच्या पिवळट दाताला मिळतंजुळतं आहे म्हणून कोणाला कळत नाही. उद्या आजूबाजूचे दात उजळले की तो कोपरा जुन्या रंगाचाच राहणार आणि नेमका समोर, हसलं की पहिला तोच दिसणार. मग ते काढून नव्या रंगाचं भरावं लागतं. आणि ते लगेच भरता येत नाही. ब्लीचिंगनंतर (व्हाइटनिंगलाच आम्ही ब्लीचिंग म्हणतो) दातात ऑक्सिजन साठून असतो, त्यामुळे नवीन सिमेंट नीट चिकटत नाही, आणि दाताचा रंगही अजून स्थिरावलेला नसतो. निदान दोन आठवडे थांबतो आम्ही. आता 'लग्नाच्या दोन दिवस आधी या' यातली गडबड लक्षात आली? तुमच्या केसमध्ये दोन दिवस आधी केलं असतं तर मांडवात दोन रंगांचा दात घेऊन उभ्या राहिला असतात. ज्या मुलीने फोनवर सांगितलं तिचा दोष नाही, तिला तुमच्या सिमेंटचं माहीतच नव्हतं. म्हणून फोनवर भाव विचारून व्हाइटनिंग ठरवू नये, आधी तपासणी.

दुसरं, दाढेला थंड लागतं. याचं कारण आधी शोधा. कीड असेल, जुनं सिमेंट फुटलं असेल, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल. कीड उघडी ठेवून ब्लीचिंग केलं तर जेल आतल्या नसेपर्यंत लवकर पोचतं आणि मग तुम्ही मला रात्री दोनला फोन कराल. एक्स-रे काढून घ्या, दोन दाढांच्या मधली कीड नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

तिसरं, दात पिवळे 'का' आहेत ते विचारा. चहाचा, तंबाखूचा थर वरून बसलेला असेल तर नुसत्या क्लिनिंगनेच निम्मं काम होतं. माझ्याकडे व्हाइटनिंगला आलेले कित्येक जण क्लिनिंग झाल्यावर आरसा बघून म्हणतात, डॉक्टर एवढंच पुरे. रंग आतूनच पिवळा असेल तर ब्लीचिंग चांगलं लागू पडतं. करडा, निळसर-राखाडी असेल (लहानपणी टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या झालेल्यांचा असतो तसा) तर महिनोन्महिने लागतात आणि तरी पूर्ण जात नाही. तुमचे खडूसारखे डाग म्हणजे बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडचे असू शकतात. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते पडतात, म्हणून घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्लीचिंगच्या पहिल्या दिवसांत हे डाग उलट जास्त उठून दिसतात, त्याने घाबरू नका, बाकीचा दात उजळला की फरक कमी होतो. राहिलेच तर मायक्रोअब्रेजन (वरचा थर किंचित घासून काढणं) किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशन (डागात पातळ रेझिन मुरवणं) असे उपाय आहेत, ते नंतर बघता येतात.

झिजतात का, हा प्रश्न सगळेच विचारतात. ब्लीचिंग म्हणजे घासणं नाही. जेलमधलं पेरॉक्साइड इनॅमलमधून, म्हणजे वरच्या कवचातून, झिरपून आतल्या डेंटिनपर्यंत, म्हणजे पिवळ्या थरापर्यंत जातं आणि तिथले रंगाचे मोठे रेणू मोडतं. डॉक्टरांच्या देखरेखीत, सांगितलेल्या वेळेइतकंच केलं तर दाताची जाडी कमी होत नाही. दर दोन महिन्यांनी मनानेच करत बसलात तर मात्र त्रास ओढवून घ्याल.

दुखतं का? सणक जाते, निम्म्याहून जास्त लोकांना थोडीफार. थंड हवा तोंडात घेतली की किंवा काही न करताही अचानक वीज चमकल्यासारखी. बहुतेकांची एक-दोन दिवसांत जाते. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट आधी दोन आठवडे वापरली तर त्रास कमी होतो.

क्लिनिकमधलं आणि घरचं यातला फरक असा. क्लिनिकमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण २५ ते ४० टक्के असतं, म्हणून हिरडीवर आधी रबरासारखा थर घालून दिव्याने घट्ट करायचा असतो. भुसावळच्या ताईंच्या बाबतीत तोच घातला नव्हता, पांढरी हिरडी म्हणजे केमिकलने भाजलेली हिरडी. घरी करायचं असेल तर दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात आणि बहुतेक वेळा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड देतात, म्हणजे हिशोबाने साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. रात्री लावून झोपायचं, साधारण दोन आठवडे. ही पद्धत १९८९ पासून जगभर चालत आलीय आणि शेवटी मिळणारा रंग क्लिनिकवाल्याच्या तोडीचाच असतो, फक्त धीर लागतो. तुमच्याकडे सात आठवडे आहेत, म्हणजे धीर धरायला जागा आहे.

आणि 'लेझर'. बहुतेक ठिकाणी तो लेझर नसतो, निळा एलईडी दिवा असतो. काम जेल करतं, दिव्याने फार काही जास्त मिळत नाही. बसल्या बसल्या भारी वाटतं एवढंच.

तापीकाठचे_काका

डॉक्टर साहेब तुम्ही क्लिनिंग करा म्हणता पण आमच्या शेजाऱ्याने क्लिनिंग केली आणि त्याचे दात हलायला लागले, फटी पडल्या. त्या भीतीने मी कधी गेलो नाही. आमच्या सौभाग्यवती तीस वर्षं मिश्री लावतात, दात काळे पडलेत, मुलगी म्हणते आईचं पण व्हाइटनिंग करून घेऊ. करावं का?

दातांचा_धुळेकर

काका, फटी क्लिनिंगने पडत नाहीत, फटी आधीच असतात, त्यात कीटण (साचून दगड झालेला थर) भरलेलं असतं म्हणून दिसत नाहीत. वर्षानुवर्षं ते कीटण हिरडी आणि हाड खात राहतं, दात त्या दगडाच्याच आधाराने उभा असतो. दगड काढला की खरी परिस्थिती दिसते आणि नाव क्लिनिंगचं खराब होतं. शेजाऱ्यांनी दहा वर्षं आधी केली असती तर दात हलले नसते.

काकूंचं व्हाइटनिंग सध्या बाजूला ठेवा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तीस वर्षं लावतायत तर आधी तोंड तपासून घ्या. गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तिखट झोंबतं का, न भरणारी जखम आहे का. घरी एक बघता येईल, तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का. दोनच जात असतील किंवा चट्टा दिसला तर दातांच्या रंगाचा विषय काढूच नका, त्याच आठवड्यात दाखवा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे पण तोंडं अजून तशीच येतात माझ्याकडे, पंचविशीतली पोरंसुद्धा. सगळं नीट निघालं तर क्लिनिंग आणि पॉलिशिंगने काकूंचे दात ओळखू येणार नाहीत इतके बदलतील. मिश्री सुटली तरच टिकेल हे मात्र त्यांना माझ्यातर्फे सांगा.

तापीकाठचे_काका

दोन बोटं आणि वर थोडं. उद्याच नेतो.

चोपड्याची_पोरगी

डॉक्टर, सिमेंटचं वाचून मी आरशासमोर जाऊन तो दात अर्धा तास बघितला, आता मलाच कुठे सांधा आहे ते दिसायला लागलंय. खूप खूप आभार. पण ते 'आठ शेड' म्हणजे नक्की काय असतं? आणि डॉक्टर खरा की नुसता बोर्ड, हे कसं ओळखायचं?

दातांचा_धुळेकर

शेड गाइड नावाची एक पट्टी असते, सोळा नकली दात ओळीने लावलेले, ए१, ए२, बी१ असे नंबर. उजळ ते गडद असं लावलं की पहिला बी१, दुसरा ए१, पाचवा ए२, नववा ए३ येतो. म्हणजे तुमचा दात आज ए३ असेल आणि ए१ झाला तर हिशोबाने सात शेड झाले. ऐकायला सात-आठ म्हणजे सूर्य उगवल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात बघणाऱ्याला 'अरे काहीतरी छान दिसतेस' एवढं जाणवतं. आणि चांगलं तेच असतं. डोळ्याच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की ते तोंडात बसवल्यासारखे दिसतात. अजून एक, झाल्या झाल्या दात वाळलेले असतात म्हणून जास्त पांढरे दिसतात, काही दिवसांत एखादा शेड खाली येतो. भुसावळच्या ताईंचे 'चार दिवस बरे' यात तोही भाग होता. त्यामुळे खुर्चीतून उठताना काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, दोन आठवड्यांनंतरचा फोटो मागा.

बोर्डावर बीडीएस किंवा एमडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी आणि महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असायला हवा. नसेल तर सरळ विचारा, खरा डॉक्टर रागावत नाही. युरोपात २०१२ पासून नियमच आहे, ०.१ टक्क्याच्या वर आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेलं व्हाइटनिंग डेंटिस्टमार्फतच सुरू करायचं आणि १८ वर्षांखालच्यांना द्यायचंच नाही. पार्लरच्या बाटलीत किती आहे ते पार्लरवालीलाही ठाऊक नसतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना आम्हीही पुढे ढकलायलाच सांगतो.

नंदुरबारची_मिरची

मी घरचे ट्रे वापरले आहेत, दोन वर्षं झाली, नाशिकला नोकरीला होते तेव्हा. कोणी न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. पहिल्या रात्री वाटलं जास्त जेल म्हणजे जास्त पांढरं, म्हणून ट्रे गच्च भरला, चावला तर सगळं हिरड्यांवर आणि घशात. पहाटे तीनला उठून चुळा भरत बसले. नंतर कळलं एका दाताला ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब पुरतो, आणि बाहेर आलेलं बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसून टाकायचं. तोंडाला पाणी सुटतं, उशीवर टॉवेल घ्या.

जेल फ्रिजमध्ये ठेवा. मी उन्हाळ्यात नंदुरबारला घरी आले तेव्हा ट्यूब बॅगेतच राहिली, आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीत आहे, ४५ च्या घरात. नंतर आठ दिवस लावूनही काही फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाले उष्णतेने पेरॉक्साइडच मोडून गेलं असेल, तुम्ही पाणी लावत होतात.

सणक चौथ्या रात्री सुरू झाली. मी एक रात्र सोडून एक रात्र केलं, डॉक्टरांनीच सांगितलेलं. चोवीस दिवस लागले चौदाच्या ऐवजी, बाकी काही फरक नाही. रंग वर्षभर छान होता, आता थोडा उतरलाय. ट्रे जपून ठेवलेत, डॉक्टरांकडून नुसती जेलची ट्यूब घेऊन दोन-तीन रात्री केलं की परत येतो म्हणतात. क्लिनिकवाल्यात हा फायदा नाही, दर वेळी परत तेवढे पैसे. मला ट्रे आणि जेल मिळून पाच हजार पडले होते.

एरंडोलचा_भाऊ

मध्येच घुसतो, माफ करा. माझा एकच दात काळपट आहे, समोरचा, क्रिकेटचा बॉल लागला होता दहावीत. बाकी दात ठीक आहेत. मी पण ट्रे वापरू का?

दातांचा_धुळेकर

नाही भाऊ. एकच दात काळा पडला म्हणजे बहुतेक आतली नस मेली आहे. आधी एक्स-रे, गरज असेल तर रूट कॅनल, मग त्या एकाच दाताच्या आतून ब्लीचिंग करता येतं, आत औषध ठेवून वर तात्पुरतं बंद करतात, आठवड्याने बदलतात. ट्रेने बाकीचे अजून पांढरे होतील आणि हा अजून काळा दिसेल. खर्च परवडत नसेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, शिकवणाऱ्या कॉलेजात वेळ जास्त जातो पण पैसे कमी लागतात.

पऱ्हाटी

डॉक्टर आज ओपीडी फुकट चालू शे वाटतं 😄

चोपड्याची_पोरगी

अपडेट द्यायला आले. काल दाखवून आले, फोन केलेलं क्लिनिक नाही, दुसरीकडे, मैत्रिणीच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडम. त्यांनी आधी ओठांवरची लिपस्टिक पुसायला लावली आणि खुर्चीवरून उठवून खिडकीपाशी नेलं, म्हणाल्या ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो. मग ती नकली दातांची पट्टी माझ्या दाताशेजारी धरून एकेक सरकवत गेल्या, ए३ ला थांबल्या. मला हातात आरसा दिला आणि म्हणाल्या आता तुझा समोरचा दात बघ. पट्टी शेजारी धरल्यावर कळलं, माझं सिमेंट आजच दातापेक्षा किंचित वेगळं आहे, थोडं धुरकट, इतकी वर्षं मला वाटायचं तो माझ्या दाताचाच रंग.

एक्स-रेमध्ये उजवीकडच्या दोन दाढांच्या मध्ये कीड निघाली. नसेपर्यंत गेलेली नाही, सिमेंटवर भागणार. मी लग्नाच्या दोन दिवस आधी लेझरला गेले असते तर काय झालं असतं याचा विचार करून अंगावर काटा आला.

ठरलंय असं, या आठवड्यात क्लिनिंग आणि दाढेचं सिमेंट, पुढच्या आठवड्यात ट्रे, मग दोन आठवडे रात्री जेल, सणक आली तर एक दिवसाआड, मग दोन आठवडे काहीच नाही, आणि त्यानंतर समोरचं सिमेंट बदलायचं. सगळं धरून लग्नाच्या आधी आठ-नऊ दिवस हातात राहतात. मॅडम म्हणाल्या समोरचं सिमेंट आत्ताच बदल म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नको, आत्ताच्या रंगाला मिळतं लावलं तर महिन्याने परत बदलावं लागेल आणि पैसे दोनदा. डागांचं नंतर बघू म्हणाल्या, त्यांना तर ते डाग गोड वाटले, मला नाही.

आईने क्लिनिंगचे पैसे स्वतःहून दिले बरं का. लिंबू परत फ्रिजमध्ये गेलं.

आता शेवटचा प्रश्न आणि हसू नका. जेल चालू असताना चहा, हळद, रंगीत काही खायचं नाही, पांढरं पांढरं खा असं सांगितलंय. चहाचं मी बघते, अगदीच राहवलं नाही तर दूध जास्त घालून आणि वर लगेच चूळ. पण नेमकी हिवाळ्याची सुरुवात आहे, बाजारात भरताची वांगी आलीत, घरोघरी केळवणाला बोलावतायत आणि प्रत्येकीकडे शेवभाजी नाहीतर भरीत. काय करू?

भुसावळ_जंक्शन

शेवभाजीला नाही म्हणायचं ताई, त्या काळ्या मसाल्याचा रस्सा कपड्यावर पडला तर धोब्याला निघत नाही तो दाताला काय सोडणार. केळवण असलं तर सांगून ठेवा, दही-भात, केळी, ज्वारीची भाकरी. लोक समजून घेतात, नवरी आहे.

पऱ्हाटी

भरीत मात्र चालतं! आपल्या भरतात हळद कुठे असते? पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बस. लाल तिखट नाही, मसाला नाही. पुण्याचे पाहुणे त्यात टोमॅटो न हळद घालतात ते त्यांचं त्यांना लखलाभ, तुम्ही तुमच्याच घरचं खा. आन कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी काळी दिसते पण तिचा रंग लागत नाही, आमच्या आजीचे नव्वदीत दात होते.

दातांचा_धुळेकर

भरताला माझी परवानगी आहे, फक्त गरम गरम नको, त्या दिवसांत गरम-थंड दोन्हीला सणक जाते, आणि मिरची कमी, हिरडी नाजूक असेल. खाऊन झालं की साध्या पाण्याने चूळ. बाकी खाण्याचं फार मनावर घेऊ नका. चहा, हळद, रस्सा हे मुख्यतः त्या दोन आठवड्यांपुरतं आणि नंतर दोन-तीन दिवस. जेलची ट्यूब मात्र भरताच्या वांग्यांशेजारी का होईना, फ्रिजमध्येच ठेवा.

चोपड्याची_पोरगी

आणि हळदीच्या दिवशी तोंडात हळद गेली तर? मैत्रिणी सोडणार नाहीत मला.

नंदुरबारची_मिरची

तोपर्यंत तुझं जेल संपून तीन आठवडे झालेले असतील गं, जाऊ दे हळद तोंडात. फक्त हसताना तोंड मिटून हसू नको, पैसे वाया जातील.

तापीकाठचे_काका

सौभाग्यवतींना दाखवलं. गालात आतून पांढरा चट्टा आहे, डॉक्टरांनी पुढे तपासायला पाठवलंय, सोमवारी जातोय. मिश्रीचा डबा काल तिने स्वतः चुलीत टाकला. चोपड्याच्या ताई, तुमच्या प्रश्नामुळे गेलो, नाहीतर अजून दोन वर्षं गेलो नसतो. लग्नाला आमच्याकडून आशीर्वाद.